उडीआधीचा ठाव

देवगड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात बर्फ म्हटला की बंदरावर लाद्या फोडून फावड्याने मासळीच्या ट्रेमध्ये भरला जाणारा बर्फच डोळ्यांसमोर येतो. तो दगडासारखा टणक असतो आणि त्याच्या राशीवर कोणी उंचावरून पडले तर काय होईल, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी शाळा सुटल्यावर दहावीतल्या एका मुलाने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवून जो प्रश्न विचारला, तो त्याच्या दृष्टीने अगदी रास्त होता. चित्रफितीत एक माणूस पायांना स्की, म्हणजे हिमावर घसरायच्या लांब पट्ट्या, बांधून डोंगरउतारावरून वेगाने येतो, कड्याच्या धारेवरून थेट हवेत निघतो, पाहणाऱ्याचा श्वास कोंडावा इतका वेळ पडत राहतो आणि खाली पांढऱ्या धुरळ्यात दिसेनासा होतो. थोड्या वेळाने त्या धुरळ्यातून त्याचा हात वर येतो. मुलाने विचारले, “सर, हो मेलो कसो नाय?”

मी २२ वर्षे विज्ञान शिकवतो आणि गुरुत्वाकर्षणाचा धडा दहावीला पहिलाच असतो. तरीही त्या वेळी मला त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. वेग किती असेल एवढे मी सांगू शकलो; तो का वाचला, हे सांगू शकलो नाही. हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला, याला आणखी एक कारण होते. लहानपणी मी स्वतः एका उडीत पाय मोडून घेतला आहे, आणि ती उडी जेमतेम चार मीटरांची होती. चार मीटरांत माझे हाड पिचावे आणि कोणी पाऊणशे मीटरांवरून पडून हात हलवत वर यावे, याचा उलगडा झाल्याशिवाय मला चैन पडेना. पुढचे काही महिने जे वाचले, मोजले आणि मुलांबरोबर करून पाहिले, ते इथे लिहून ठेवत आहे.

आधी त्या उड्यांविषयी. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्यात ग्रँड टार्गी या स्की-केंद्राजवळच्या कड्यावरून जेमी पिअर या स्कीपटूने २५५ फूट, म्हणजे सुमारे ७८ मीटर खोल उडी घेतली. हवेचा विरोध सोडून दिला तर एवढे अंतर पडायला ४ सेकंद लागतात आणि शेवटी वेग ताशी १४० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. तो डोक्याकडून हिमात घुसला आणि पूर्ण गाडला गेला. सोबत्यांनी फावड्यांनी उकरून त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याचा ओठ तेवढा कापला होता, तोही उकरणाऱ्या फावड्याने. पुढे २००८ मध्ये फ्रेड सिव्हर्सन या नॉर्वेच्या स्कीपटूकडून याहून मोठी, १०७ मीटरांची उडी घडली. ‘घडली’ असे मी जाणूनबुजून म्हणतो, कारण ती त्याला मारायचीच नव्हती. चित्रीकरण चालू असताना वेगात येताना त्याची वाट चुकली आणि ठरवलेल्या लहान कड्याऐवजी तो भलत्याच कड्यावर येऊन ठेपला. थांबणे अशक्य होते. १०७ मीटर म्हणजे सुमारे पावणेपाच सेकंदांचे पडणे आणि, पुन्हा हवेचा विरोध न धरता, ताशी १६५ किलोमीटरचा वेग. त्याच्या यकृताला किरकोळ इजा झाली आणि तो वाचला.

या दोन उड्यांचे गणित मांडताना मला एक सोपा नियम पुन्हा नव्याने भेटला. तो पाठ्यपुस्तकातल्या सूत्रांत दडलेला असतो, पण आपण तो मुलांना या रूपात कधी सांगत नाही. पडताना गुरुत्वाकर्षण शरीरात जितकी ऊर्जा भरते, तितकीच थांबताना बाहेर काढावी लागते. म्हणून पडण्याच्या उंचीला थांबायला मिळालेल्या अंतराने भागले की थांबताना शरीराला सरासरी किती ‘जी’चा धक्का बसला ते कळते, १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे नेहमीचे त्वरण. वस्तुमान नको, वेग नको, वर्गमूळ नको. ७८ मीटरांवरून पडलेला माणूस हिमात ३ मीटर घुसून थांबला, तर ७८ भागिले ३, म्हणजे २६ जी. तोच माणूस ३० सेंटीमीटरांत थांबला, तर २६० जी. उडी तीच, उंची तीच, वेगही तोच. एका जागी माणूस वाचण्याची शक्यता आहे आणि दुसऱ्या जागी मुळीच नाही.

वर्गात हे नुसते फळ्यावर लिहून मुलांना पटले असते असे वाटत नाही. म्हणून आम्ही नारळ आणले. एक असोला, म्हणजे सोडणासकट, आणि एक सोललेला. शाळेच्या वरच्या सज्जातून, सुमारे ४ मीटर उंचीवरून, दोन्ही खालच्या चिऱ्याच्या पायरीवर टाकले. सोललेला नारळ पहिल्याच आपटीत उभा फुटला आणि पाणी पायरीवरून वाहत गेले. असोल्याचा दबका आवाज झाला, तो एकदा उसळला आणि गडग्याच्या कडेला जाऊन पडला. मुलांनी धावत जाऊन तो उचलला. ज्या बाजूवर तो पडला होता तिथले हिरवे साल चेपले होते आणि खालचे काथे बोटभर आत गेले होते. त्या चेपलेल्या जागेवर प्रत्येकाने अंगठा दाबून पाहिला. तेवढ्या बोटभर अंतरात आतली करवंटी हळूहळू थांबली, म्हणून ती शाबूत राहिली. माडावरून पंधरा-वीस मीटर खाली पडणारा नारळ आपण लहानपणापासून पाहतो, पण निसर्गाने त्याला एवढे जाड सोडण कशासाठी दिले असावे, हे मला त्या दिवशी नीट दिसले. जेमी पिअरचे सोडण बाहेर होते. तो ज्या हिमात पडला तेच त्याचे सोडण.

हिम म्हणजे आमच्या बंदरावरचा बर्फ नव्हे, हे मला प्रत्यक्ष पाहिल्यावरच उमगले. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही कुटुंबासह गुलमर्गला गेलो होतो. आदल्या रात्री हिम पडले होते. रस्त्याकडेच्या ढिगात मी हात घातला आणि तो काहीही अडथळा न होता कोपरापर्यंत आत गेला. मळणीनंतर रचलेल्या पेंढ्यात हात घातल्यावर जसे वाटते, त्याहूनही ते हलके होते. मूठभर हिम दाबले तर मुठीत जवळजवळ काहीच उरले नाही. ताजे, कोरडे हिम बहुतांशी हवाच असते. एका घनमीटरमध्ये ५० ते १०० किलो हिम आणि बाकी सगळी हवा. तेवढेच पाणी १००० किलो भरते. मात्र त्याच ढिगाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे आदल्या दिवशी ऊन लागून वरचा थर वितळला आणि रात्री पुन्हा गोठला होता, तिथे माझी बोटे खरचटली. एकाच ढिगाच्या दोन बाजू. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या.

हे भुसभुशीत हिम पाण्यासारखे वागते, ही गोष्ट शेन मॅक्कॉन्की या स्कीपटूने फार गंभीरपणे घेतली. त्याने अलास्कात चक्क पाण्यावर चालवायच्या स्की पायांना लावून हिमावर घसरून पाहिले आणि त्या अनुभवातून रुंद, टोकांना वर वळलेल्या आणि मध्ये फुगीर अशा स्कीची कल्पना पुढे नेली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वोलान्ट कंपनीने तशी स्की ‘स्पॅच्युला’ या नावाने काढली. खोल हिमात बुडण्याऐवजी तरंगणारी ही रचना आज सर्वत्र रूढ आहे. समुद्रकाठच्या माणसाला हे वाचून आनंद होणे साहजिक आहे, कारण आपल्या होडीचा तळ जसा लाटेवर चढतो तसेच त्या स्कीचे टोक हिमावर चढते.

थांबण्याचे अंतर मिळवण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. तो म्हणजे उतार. सपाट जमिनीवर पडणाऱ्याचा सगळा वेग जमिनीवर आपटतो. पण खालची जमीन तीव्र उताराची असेल, तर वेगाचा फक्त उताराला लंब असणारा भाग थोपवावा लागतो; उरलेला वेग उताराच्या दिशेने पुढे निघून जातो. सरळ खाली पडणारा माणूस ४५ अंशांच्या उतारावर उतरला, तर त्याला सपाटीवरच्या निम्म्या उंचीवरून पडल्याइतकाच धक्का बसतो. म्हणूनच कड्यावरून उड्या मारणारे स्कीपटू कड्याच्या उंचीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, खालच्या उताराकडे आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेकडे लक्ष देतात. स्की-जंपिंगची, म्हणजे स्कीवरून लांब झेप घेण्याच्या खेळाची, टेकडी याच तत्त्वावर बांधलेली असते. मार्च २०२५ मध्ये स्लोव्हेनियातील प्लानित्सा येथे डोमेन प्रेव्हत्स या खेळाडूने २५४.५ मीटर लांबीची झेप घेतली. आकडा ऐकून छाती दडपते, परंतु तो संपूर्ण वेळ उतारापासून काही मीटरच वर असतो, कारण त्याच्या मार्गाला समांतर राहील अशा बेताने टेकडी खाली उतरत गेलेली असते. जमीन जणू त्याच्या बरोबरीने खाली येते आणि मग हलकेच वर येऊन त्याचे पाय धरते.

शरीराची ठेवणही महत्त्वाची असते. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी न्यू मेक्सिकोतील रॉकेटगाडीवर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेग गाठला आणि अवघ्या १.४ सेकंदांत ते थांबले, त्यांना ४६.२ जीपर्यंतचा धक्का बसला आणि ते जगले. धक्का शरीराच्या रुंदीवर पसरला तर माणूस बरेच सोसतो, पण तोच टाचेवर आणि मणक्यांच्या ओळीवर उभा आला तर त्याच्या कितीतरी कमीत हाडे मोडतात. त्यामुळे फार मोठ्या उड्यांत स्कीपटू पायांवर न उतरता पाठीवर पडणे पसंत करतात.

याच मुद्द्यावर त्या क्षेत्रात मतभेद आहेत. पायांवर उतरून स्कीवरून पुढे निघून जाता आले, तरच ती उडी खरी, असे मानणारे अनेक जण आहेत. हिमात खड्डा पाडून पडणे हे त्यांच्या लेखी नुसते पडणेच. माझे मत मी मोकळेपणाने सांगतो. मला त्या मतात तथ्य वाटते. सिव्हर्सनची १०७ मीटरांची उडी आकड्याने सर्वांत मोठी असेल, पण जी जागा माणसाने आधी पाहिलीच नव्हती, तिथून तो सुखरूप परत आला याचा मला आनंद होतो. त्याला पराक्रम म्हणायला माझे मन धजत नाही. त्याउलट ज्याने खालचे हिम तपासले, उतार मोजला, वारा पाहिला, आणि त्या दिवशी हिम कडक आहे म्हणून उडी न मारता परत फिरला, त्याचे नाव कुठेही नोंदवले जात नाही. मला त्याच्याविषयी जास्त आदर वाटतो.

इथे मला आमची विहीर आठवते. आमच्या वाडीतली विहीर चिऱ्यांनी बांधलेली, दहा हात रुंद, एका बाजूने उतरायला पायऱ्या. वैशाखात पाणी खोल जाई आणि श्रावणात काठाला येई. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दहा-बारा मुले तिथे दिवसभर पडलेली असू. कोणी सूर मारी, कोणी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारी, आणि नवशिक्या पोटावर पडला की त्याचे पोट लालबुंद होई. पण दर वर्षी पहिल्या दिवशी कोणालाही काठावरून उडी मारू दिली जात नसे. आमचे धाकटे काका, ज्यांना सगळे भाईकाका म्हणत, ते आधी पायऱ्यांनी पाण्यात उतरत, नाक धरून तळाला जात आणि पायांनी सगळा तळ चाचपडून येत. वर्षभरात विहिरीत काय काय पडलेले असे! राहाटाचे मोडके लाकूड, तुटलेल्या दोराची कळशी, झावळांचे पिढे, एकदा तर चक्क लोखंडी पहार. ते सगळे वर काढून झाल्यावर भाईकाका काठावर बसून ओले केस निथळत म्हणत, “आदी ठाव घे, मगे उडी मार.” नंतर आम्हा प्रत्येकाला एकदा पायऱ्यांनी उतरून तळाला हात लावून, मूठभर गाळ वर आणून दाखवावा लागे. तो काळा, गार, शिंपल्यांचा चुरा मिसळलेला गाळ त्यांच्या तळव्यावर ठेवला की उडीची परवानगी मिळे.

‘ठाव’ या शब्दात तळही आहे आणि तळाची माहितीही आहे. हिमातल्या लोकांकडे त्यासाठी एक साधन असते. घडीची, दोन-तीन मीटर लांबीची हलकी सळई, जिला ते प्रोब म्हणतात. मुळात ती हिमाखाली गाडलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी असते. पण उडीआधी खाली जाऊन तीच सळई हिमात खुपसून किती खोल जाते, मध्येच खडक लागतो का, कडक थर लागतो का, हे पाहता येते. एकाने जिथे पडून खड्डा पाडला, तिथेच दुसऱ्याने पडू नये, हाही त्यांचा नियम आहे. पहिल्याच्या वजनाने तिथली हवा निघून गेलेली असते आणि दुसऱ्याला थांबायला अंतर उरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये व्हेर्बिए येथे १९९६ पासून कडे उतरण्याची जी स्पर्धा भरते, तिथे तर बेक दे रोस या डोंगराच्या कड्यावर आधी स्की करून पाहायची परवानगीच नसते. स्पर्धक समोरच्या बाजूने दुर्बिणीतून तासन्‌तास त्या कड्याकडे पाहतात, प्रत्येक खडकाची खूण मनात पक्की करतात, आणि वरून उतरताना तोच कडा उलट बाजूने, जवळजवळ न दिसणारा, समोर येतो तेव्हा त्या खुणा जुळवत खाली येतात. हा ठाव डोळ्यांनी घ्यायचा आणि स्मरणात धरून ठेवायचा. मला वाटते, हे त्या खेळातले सर्वांत अवघड काम असावे.

पाण्यातल्या उंच उड्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे, कारण पाणी हिमासारखे चेपत नाही, ते बाजूला सारावे लागते. २०१३ च्या बार्सिलोना येथील जागतिक जलतरण स्पर्धेत हाय डायव्हिंगचा प्रथमच समावेश झाला, तेव्हापासून पुरुषांसाठी २७ मीटर आणि महिलांसाठी २० मीटर उंची ठरलेली आहे. २७ मीटरांवरून पाण्याला टेकताना वेग ताशी ८० किलोमीटरहून अधिक असतो आणि म्हणून सगळे पायांकडूनच पाण्यात शिरतात. खाली पाण्यात पाणबुडे सज्ज असतात आणि ते हातांनी पाणी उडवत राहतात, कारण संथ पाण्याचा पृष्ठभाग वरून नेमका कुठे आहे ते कळत नाही. आम्हीही विहिरीत आधी खडा टाकत असू. त्यामागचे कारण मला चाळीस वर्षांनी कळले. ऑगस्ट २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील माज्जा येथील धबधब्याजवळ लासो शालर याने ५८.८ मीटरांवरून पाण्यात उडी घेतली. वेग ताशी १२३ किलोमीटर होता आणि त्याच्या खुब्याला इजा झाली. पाण्यात उंची वाढवण्याची मर्यादा किती लवकर येते, हे ७८ मीटर आणि कापलेला ओठ यांच्याशी ताडून पाहिले की ध्यानात येते.

मेक्सिकोतील अकापुल्को येथे ला केब्राडा नावाच्या सुमारे ३५ मीटर उंच कड्यावरून तिथले लोक १९३४ पासून समुद्रात सूर मारत आले आहेत. खाली खडकांमधली अरुंद खाच आहे. तिथले पाणी लाट आत आली की खोल होते आणि ओसरली की उथळ. सूर मारणारा वर उभा राहून लाटांकडे पाहत राहतो आणि लाट अजून दूर असतानाच उडी घेतो, म्हणजे तो खाली पोहोचेल तेव्हा पाणी भरलेले असेल. अडीच-तीन सेकंदांचा हा हिशेब ते घड्याळाशिवाय करतात. आमच्या किनाऱ्यावर लाटेचे नसले तरी भरतीचे असेच गणित आहे आणि ते मी तेराव्या वर्षी चुकलो.

वैशाखी पौर्णिमेचा दिवस होता. सकाळी मोठ्या मुलांनी खाडीतल्या जेटीवरून भरपूर उड्या मारल्या होत्या, आणि मी त्या वेळी आईबरोबर शेजारच्या गावी गेलो होतो. परतल्यावर दुपारची झोप टाळून मी एकटाच जेटीवर गेलो. साडेचार वाजले असावेत. भरतीची वेळ काढण्याची आमच्याकडची रीत अशी, की तिथीची पाऊणपट करावी. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ही रीत मला पाठ होती. तरीही मी पाण्याकडे पाहिले ते वरून, आणि वरून ते सकाळसारखेच हिरवे आणि गच्च दिसत होते. उधाणाच्या दिवशी आमच्या खाडीत पाणी दोन-अडीच मीटर चढते आणि उतरते. त्यामुळे सकाळी जेटीपासून पाणी दीड मीटर खाली आणि साडेतीन मीटर खोल होते. संध्याकाळी ते जवळजवळ चार मीटर खाली गेले होते आणि खोली उरली होती माझ्या छातीएवढी. ओहोटी एकाच वेळी उंची वाढवते आणि खोली घटवते, हे मी त्या क्षणापर्यंत कधी मनात आणलेच नव्हते.

मी ताठ पायांनी उडी मारली. पाणी लागले आणि त्याच श्वासात तळ लागला. दोन्ही पाय पोटरीपर्यंत चिखलात रुतले आणि उजव्या टाचेतून वर मांडीपर्यंत कळ गेली. टाचेच्या हाडाला तडा गेला होता. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या चिखलाने माझी पाठ वाचवली, हे मी आज मोजून सांगू शकतो. पोटरीएवढा चिखल म्हणजे तीस सेंटीमीटर थांबण्याचे अंतर. तिथे जेटीच्या बांधकामातला दगड पडलेला असता तर मी आज वर्गात उभा राहून शिकवत नसतो. भाईकाका मला उचलून घरी घेऊन आले आणि वाटेत एक शब्दही बोलले नाहीत. रात्री माझ्या उशाशी बसून त्यांनी एवढेच विचारले, “ठाव घेतलं होतंस?”

हे सगळे कळूनही माणसे उड्या मारत राहणार, आणि त्यांनी मारू नयेत असे मला म्हणायचे नाही. फक्त एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ज्यांनी ठाव घेण्याची कला सिद्ध केली, त्यांचाही शेवट बहुधा त्या कलेच्या बाहेरच्या एखाद्या गोष्टीने झाला. जेमी पिअर १३ नोव्हेंबर २०११ रोजी युटा राज्यात स्नोबर्ड येथे हंगामाच्या सुरुवातीच्या हिमात हिमस्खलनात सापडून गेला. तो ३८ वर्षांचा होता. कड्याखालच्या हिमाने त्याला वाचवले आणि पायांखालच्या हिमाने नेले. मॅक्कॉन्की २६ मार्च २००९ रोजी इटलीतील डोलोमाइट पर्वतात स्कीवरून कड्यावरून झेपावून पुढे पॅराशूट उघडण्याच्या प्रयत्नात गेला. पायातली एक स्की वेळेवर सुटली नाही. याच्या शेजारी ३० जुलै २०१६ चा ल्यूक एकिन्स आठवतो. कॅलिफोर्नियात त्याने २५,००० फुटांवरून विमानातून पॅराशूटशिवाय उडी घेतली आणि तो १०० फूट लांब-रुंद जाळ्यात, शेवटच्या क्षणी वळून, पाठीवर उतरला. इतक्या उंचीवरून पडताना हवेच्या विरोधामुळे वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि मग उंचीला काही अर्थ राहत नाही. उरते ते फक्त जाळे: किती ताणले जाईल, किती अंतर देईल. सगळी तयारी त्या एका प्रश्नाची होती.

आमच्याकडे हल्ली पावसाळ्यात धबधब्यांच्या कुंडांत उड्या मारण्याचे वेड वाढले आहे. प्रशासन ठिकठिकाणी मनाईहुकूम काढते, तरी मुले जातात. धबधब्याखालचे फेसाळ पाणी मऊ असते हे खरे, पण त्यात हवा मिसळलेली असल्यामुळे ते माणसाला नेहमीसारखे तरंगू देत नाही. पोहणाराही त्यात खाली जातो. शिवाय दर पावसात वरून नवे दगड कुंडात येऊन पडतात. मागच्या वर्षीचा ठाव या वर्षी चालत नाही.

नारळाच्या प्रयोगानंतर माझ्या वर्गातल्या मुलांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतले. ग्रामपंचायतीची परवानगी काढून त्यांनी जेटीच्या बाहेरच्या खांबावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर पांढऱ्या खुणा रंगवल्या आणि तीन मीटरच्या खुणेवर लाल पट्टा ओढला. मोजणी तळापासून केली आणि त्यासाठी दोघे जण बांबू घेऊन पाण्यात उतरले होते. लाल पट्टा पाण्याबाहेर दिसत असेल तर त्या दिवशी उडी नाही, असे त्यांचे आपसांत ठरले आहे. प्रश्न विचारणारा तो मुलगा आता अकरावीला तालुक्याला जातो, पण सुट्टीत आला की आधी जेटीवर जाऊन खुणा पाहतो. पावसाळ्यात खालच्या दोन खुणांवर कालवे आणि शेवाळ चढले आहे. गणपतीला मुंबईहून चाकरमान्यांची मुले यायच्या आत ते खरवडायला हवे. पिठोरी अमावास्येला संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी असेल. तेव्हा कोयती आणि रंगाचा डबा घेऊन जायचे ठरले आहे.